वर्डपर्फेक्ट ५.१ मध्ये मूळ फॉन्ट कायमचा कसा बदलावा

नवा दस्तऐवज सुरू करावा, मन लावून दोन पाने लिहावीत, छापायला पाठवावीत आणि प्रिंटरमधून कागद बाहेर यावा तो टंकलेखन यंत्रावर ठोकल्यासारख्या कुरियर अक्षरातला, हा अनुभव डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवरच्या वर्डपर्फेक्ट ५.१ या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये लिहिणाऱ्या बहुतेकांना येतो. मग प्रत्येक दस्तऐवजाच्या माथ्यावर हव्या त्या फॉन्टचा कोड, म्हणजे मजकुरातली एक अदृश्य खूण, हाताने घालण्याची सवय लागते. तेवढ्याने मुख्य मजकूर बदलतो, पण तळटिपा, हेडर आणि फुटर जुन्याच फॉन्टमध्ये राहतात. मी ही चूक बराच काळ करत होतो. एका दीर्घ लेखाचा मजकूर टाइम्स फॉन्टमध्ये नेटका छापला गेला आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तळटिपा मात्र कुरियरच्या रुंद, विरळ ओळींत उमटल्या, तेव्हा मी पहिल्यांदा मुळाशी जाऊन पाहिले. या प्रोग्रॅममध्ये मूळ फॉन्ट एका जागी ठरत नाही. तो प्रिंटरच्या पातळीवर ठरतो, दस्तऐवजाच्या पातळीवर ठरतो आणि मजकुराच्या आतही ठरतो. कोणती गोष्ट कोठे बदलायची हे एकदा उमगले की पुढचे काम पाच मिनिटांचे आहे.

फॉन्ट कोणाच्या मालकीचा

वर्डपर्फेक्टचा जन्म १९७९ साली अमेरिकेतील युटा राज्यात झाला. अ‍ॅलन अ‍ॅश्टन आणि ब्रूस बॅस्टियन यांनी तो प्रथम डेटा जनरल कंपनीच्या मिनीकॉम्प्युटरसाठी लिहिला, १९८२ मध्ये तो आयबीएम पीसीवर आला आणि १९८९ मध्ये त्याची ५.१ ही आवृत्ती निघाली. त्या काळच्या पडद्यावर सर्व अक्षरे एकाच साच्याची आणि एकाच रुंदीची दिसत. खरे फॉन्ट असत ते प्रिंटरच्या पोटात, त्यात बसवायच्या फॉन्टच्या कार्ट्रिजमध्ये किंवा त्याच्याकडे पाठवायच्या सॉफ्ट फॉन्टच्या फाइलमध्ये. म्हणून वर्डपर्फेक्ट फॉन्टची यादी संगणकाकडे मागत नाही. आपण निवडलेल्या प्रिंटरची जी पीआरएस नावाची फाइल असते, तिच्यातून तो ही यादी वाचतो. एचपी लेझरजेट सिरीज २ निवडलेला असेल आणि कार्ट्रिज नसेल, तर यादीत कुरियर आणि लाइन प्रिंटर यांच्यापलीकडे फारसे काही दिसणार नाही. लेझरजेट ३ निवडला तर त्यात सीजी टाइम्स आणि युनिव्हर्स हे लहानमोठे करता येणारे फॉन्ट दिसतील. हवा तो फॉन्ट यादीतच नाही अशी तक्रार असेल, तर आधी आपण कोणता प्रिंटर निवडला आहे ते तपासावे.

आता पातळ्या पाहू. प्रिंटरच्या पातळीवरचा फॉन्ट हा यापुढे जन्माला येणाऱ्या प्रत्येक नव्या दस्तऐवजाला मिळतो. दस्तऐवज तयार झाला की त्या फॉन्टची नोंद त्या दस्तऐवजाच्या फाइलमध्ये जाते, आणि नंतर प्रिंटरच्या पातळीवर काहीही बदलले तरी जुना दस्तऐवज आपला फॉन्ट सोडत नाही. दस्तऐवजाच्या पातळीवरचा फॉन्ट बदलला तर मजकूर, हेडर, फुटर, तळटिपा आणि चित्रचौकटींचे मथळे असे सगळेच बदलते. मजकुराच्या आत घातलेला फॉन्ट कोड मात्र जिथे घातला तिथून पुढच्या मुख्य मजकुरापुरताच चालतो आणि पुढचा फॉन्ट कोड आला की तिथे थांबतो. या तिन्हींत मतभेद झाला तर मजकुरातला कोड जिंकतो.

सुरुवात करण्यापूर्वी

प्रोग्रॅममधून बाहेर पडून पीआरएस फाइलची एक प्रत वेगळ्या डिरेक्टरीत किंवा फ्लॉपीवर ठेवावी. आपण जो बदल करणार आहोत तो याच फाइलमध्ये लिहिला जातो, आणि ती बिघडली तर प्रिंटर पुन्हा मुळापासून बसवावा लागतो. ही फाइल कोठे आहे ते आठवत नसेल, तर वर्डपर्फेक्टमध्ये शिफ्ट-एफ१ दाबून सेटअप उघडावे आणि ६ दाबून लोकेशन ऑफ फाइल्स पाहावे. त्यात प्रिंटर फाइल्सपुढे तिचा मार्ग लिहिलेला असतो. तो रिकामा असेल, तर फाइल बहुधा प्रोग्रॅमच्याच डिरेक्टरीत सापडते.

कळांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण वर्डपर्फेक्टच्या कळा नंतरच्या प्रोग्रॅमांहून वेगळ्या आहेत. येथे एफ१ म्हणजे रद्द करणे, एफ३ म्हणजे मदत आणि एफ७ म्हणजे बाहेर पडणे. मेनूतून केलेला बदल पक्का करून परत यायचे असेल तर एफ७ वापरावी. सवयीने मदतीसाठी एफ१ दाबली तर नुकतीच केलेली निवड हातची जाऊ शकते.

जे लोक डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हा प्रोग्रॅम चालवतात, त्यांनी हा परिच्छेद विशेष लक्षपूर्वक वाचावा. डॉसबॉक्सने कंट्रोल आणि फंक्शन कळांच्या काही जोड्या स्वतःसाठी राखून ठेवल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक नेमक्या वर्डपर्फेक्टला हव्या असतात. फॉन्ट मेनूसाठी आपण कंट्रोल-एफ८ दाबतो, तेव्हा डॉसबॉक्स फॉन्ट मेनू न उघडता फ्रेमस्किप, म्हणजे पडद्यावरची चित्रे गाळण्याचे प्रमाण, वाढवतो. मॅक्रो लिहिण्याची कंट्रोल-एफ१० ही कळ माउस पकडण्यासाठी वापरली जाते. सर्वांत घातक आहे ती कंट्रोल-एफ९: वर्डपर्फेक्टमध्ये ती मर्ज आणि सॉर्टसाठी आहे, तर डॉसबॉक्समध्ये ती संपूर्ण खिडकी तत्काळ बंद करते आणि न साठवलेला मजकूर जातो. यावर उपाय असा की कंट्रोल-एफ१ दाबून डॉसबॉक्सचा कीमॅपर, म्हणजे कळांच्या जोडण्या बदलण्याचा पडदा, उघडावा, तळाकडच्या चौकोनांपैकी संबंधित क्रिया निवडून डेल या बटणाने तिची जुनी जोडणी काढावी, अ‍ॅड दाबून तिला न लागणारी एखादी कळ द्यावी आणि सेव्ह करून बाहेर पडावे. एवढा खटाटोप नको असेल, तर आल्ट आणि बरोबरीचे चिन्ह एकत्र दाबून वर्डपर्फेक्टचा वरचा मेनू उघडावा. ५.१ मध्ये तो नव्याने आला होता, आणि त्यातून फॉन्ट मेनूपर्यंत कंट्रोल कळेशिवाय पोहोचता येते.

प्रिंटरचा मूळ फॉन्ट बदलणे

हे काम कोऱ्या पडद्यावर करावे. एखादा दस्तऐवज उघडा असेल तर तो साठवून एफ७ ने बंद करावा. मग शिफ्ट-एफ७ दाबावे. छपाईचा मेनू उघडतो, त्यात एस हे अक्षर दाबले की सिलेक्ट प्रिंटरची यादी येते. सध्या वापरात असलेल्या प्रिंटरच्या नावापुढे तारांकन असते. वर-खाली बाणांनी उजळलेली पट्टी त्या नावावर न्यावी आणि ३ दाबून एडिट निवडावे. येथे घाईने एंटर दाबण्याचा मोह टाळावा, कारण एंटर म्हणजे प्रिंटर निवडून या यादीतून बाहेर पडणे.

एडिटच्या पडद्यावर प्रिंटरचे नाव, पोर्ट, शीट फीडर, कार्ट्रिज आणि फॉन्ट असे पर्याय एकाखाली एक दिसतात. पाचवा पर्याय इनिशियल बेस फॉन्ट हा आहे आणि त्याच्यापुढे सध्याच्या फॉन्टचे नाव असते, बहुधा कुरियर १० सीपीआय. सीपीआय म्हणजे दर इंचाला बसणारी अक्षरे. ५ दाबले की फॉन्टची यादी उघडते. यादी लांब असेल तर एन दाबून नावाची पहिली अक्षरे टंकावीत, म्हणजे पट्टी थेट त्या नावावर जाते. हवा तो फॉन्ट सापडला की १ किंवा एंटर दाबावे. फॉन्ट लहानमोठा होणारा असेल तर पडद्याच्या तळाशी पॉइंट साइज, म्हणजे अक्षराचा आकार, विचारला जातो. सलग मजकुरासाठी ११ किंवा १२ हा आकडा योग्य आहे. आकडा टंकून एंटर दाबावे. एडिटच्या पडद्यावर पाचव्या पर्यायापुढे नवे नाव उमटले आहे याची खात्री करून घ्यावी आणि मग कोरा पडदा दिसेपर्यंत एफ७ दाबत राहावे.

आता तपासणी. एफ७ दाबावे, साठवायचे का या प्रश्नाला एन म्हणावे, प्रोग्रॅममधून बाहेर पडायचे का या प्रश्नालाही एन म्हणावे, म्हणजे पूर्णपणे नवा दस्तऐवज हाती येतो. शिफ्ट-एफ८ दाबून फॉरमॅटचा मेनू उघडावा आणि ३ दाबून डॉक्युमेंट हा भाग पाहावा. तिथे इनिशियल बेस फॉन्टपुढे आपण निवडलेले नाव दिसले पाहिजे.

ते दिसत असूनही छपाई जुन्याच फॉन्टमध्ये होत असेल, तर संशय सेटअपमधील इनिशियल कोड्सवर घ्यावा. शिफ्ट-एफ१, मग ४, मग ५ असे दाबले की एक दुभागलेला पडदा उघडतो. येथे ठेवलेले कोड प्रत्येक नव्या दस्तऐवजात आपोआप शिरतात, आणि कोणीतरी कधीकाळी येथे फॉन्टचा कोड घालून ठेवलेला असेल तर तो प्रिंटरच्या फॉन्टला झाकून टाकतो. खालच्या भागात चौकटी कंसात फॉन्ट हा शब्द दिसला, तर कर्सर त्यावर नेऊन डिलीट दाबावे. माझे मत असे आहे की या जागी फॉन्टचा कोड ठेवूच नये. समास, ओळींमधले अंतर, जस्टिफिकेशन यांच्यासाठी ती जागा उत्तम आहे, पण फॉन्ट प्रिंटरशी बांधलेला असतो आणि प्रिंटर बदलला की तो कोड गैरलागू होतो.

एकाच प्रिंटरचे दोन अवतार

पत्रांसाठी एक फॉन्ट आणि हस्तलिखितासाठी दुसरा, अशी गरज असेल तर एक फार सोयीची युक्ती आहे. सिलेक्ट प्रिंटरच्या यादीत आपल्या प्रिंटरवर पट्टी ठेवून ४ दाबावे. हा कॉपीचा पर्याय आहे. प्रोग्रॅम नव्या पीआरएस फाइलचे नाव विचारेल, तेव्हा जुन्याहून वेगळे नाव द्यावे. मग एडिटमध्ये १ दाबून या प्रतीचे नाव पत्रे किंवा हस्तलिखित असे ओळखता येईल असे ठेवावे आणि ५ दाबून तिचा मूळ फॉन्ट बदलावा. प्रिंटर एकच आहे, पण वर्डपर्फेक्टच्या दृष्टीने ते आता दोन आहेत. लिहायला बसण्यापूर्वी योग्य तो अवतार निवडला की फॉन्टचा विचार संपतो. रोज दोन प्रकारचे लेखन करणाऱ्याला याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

ज्यांच्याकडे जुना प्रिंटरच नाही, त्यांनी वर्डपर्फेक्टमध्ये पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी प्रिंटरची भाषा) जातीचा एखादा प्रिंटर निवडून बसवावा. अ‍ॅपल लेझरराइटर प्लस घेतला तर टाइम्स, हेल्व्हेटिका, पॅलॅटिनो, बुकमन असे ३५ फॉन्ट मिळतात. एडिटमध्ये २ दाबून पोर्टच्या यादीतला अदर हा पर्याय घ्यावा आणि तिथे फाइलचे नाव द्यावे. छपाई कागदाऐवजी त्या फाइलमध्ये होते, आणि ती फाइल आजच्या संगणकावर पीडीएफमध्ये बदलता येते.

जुन्या दस्तऐवजांचे काय

आधीपासून साठवलेला दस्तऐवज आपला जुना फॉन्ट जपून ठेवतो, हे वर सांगितले आहे. तो बदलण्यासाठी कोऱ्या पडद्यावर दस्तऐवज उघडावा. पडद्यावर आधीच दुसरा मजकूर असताना शिफ्ट-एफ१० ने नवा मजकूर आणला, तर तो त्या दुसऱ्या दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये विरघळतो, म्हणून कोरा पडदा महत्त्वाचा. मग शिफ्ट-एफ८, ३, ३ दाबावे, यादीतून फॉन्ट निवडावा आणि एफ७ ने परत यावे.

एवढे करूनही मुख्य मजकूर हलला नाही, तर त्याच्या आत जुने फॉन्ट कोड पडून आहेत. ते पाहण्यासाठी आल्ट-एफ३ दाबावे. पडदा दोन भागांत विभागला जातो, वरच्या भागात साधा मजकूर आणि खालच्या भागात तोच मजकूर कोडांसकट दिसतो. खाली चौकटी कंसात फॉन्ट हा शब्द, अपूर्णविराम (:) आणि पुढे कुरियर १० सीपीआय असे लिहिलेले दिसेल. ज्या दस्तऐवजात अनेक वर्षे दुरुस्त्या झाल्या आहेत, त्यात असे कोड एकाला एक लागून तीन-तीनही सापडतात, आणि त्यांपैकी फक्त शेवटचाच कामाचा असतो.

ते एकेक करून काढण्याची गरज नाही. होम तीनदा दाबून वरचा बाण दाबावा, म्हणजे कर्सर सर्व कोडांच्याही आधी, दस्तऐवजाच्या अगदी माथ्यावर जातो. होम दोनदाच दाबले तर कर्सर सुरुवातीच्या कोडांनंतर थांबतो आणि नेमका पहिला कोड सुटतो. मग आल्ट-एफ२ दाबून बदलीची आज्ञा सुरू करावी. प्रत्येक ठिकाणी विचारायचे का या प्रश्नाला, शीर्षकांसाठी वेगळे फॉन्ट मुद्दाम घातलेले असतील तर वाय म्हणावे, नाहीतर एन. शोधण्याच्या जागी अक्षरे टंकू नयेत. कंट्रोल-एफ८ आणि ४ दाबावे, म्हणजे तिथे फॉन्टचा कोडच उमटतो. एफ२ दाबावे, बदलीची जागा रिकामी ठेवावी आणि पुन्हा एफ२ दाबावे. सगळे कोड निघून जातात आणि दस्तऐवज आपल्या मूळ फॉन्टवर येतो. तळटिपांच्या आतही कोणी कोड घातले असतील, तर आल्ट-एफ२ च्या आधी एकदा होम दाबावे, म्हणजे शोध तिथेही पोहोचतो.

शीर्षकांच्या बाबतीत एक आग्रहाची सूचना आहे. शीर्षक मोठे करण्यासाठी फॉन्ट कोड घालू नये, कंट्रोल-एफ८ आणि १ दाबून आकाराचा गुणधर्म वापरावा. लार्ज हा मूळ आकाराच्या १२० टक्के असतो, व्हेरी लार्ज १५० टक्के आणि एक्स्ट्रा लार्ज २०० टक्के. मूळ फॉन्ट १२ पॉइंटचा असेल तर व्हेरी लार्ज शीर्षक १८ पॉइंटचे होते, आणि पुढे मूळ फॉन्ट १० पॉइंटचा केला तर तेच शीर्षक आपोआप १५ पॉइंटचे होते. प्रमाण राखले जाते आणि वरची साफसफाई शीर्षकांना धक्का लावत नाही. अर्थात, फॉन्ट लहानमोठा होणारा असेल तरच हे हिशेब तंतोतंत जुळतात. ठरावीक आकारांचे फॉन्ट असतील तर प्रोग्रॅम उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत जवळचा निवडतो.

बदलानंतर पानाचे काय होते

पडद्यावर अक्षर बदललेले दिसणार नाही, त्यामुळे बदल झालाच नाही असे वाटू शकते. बदल दिसतो तो ओळींच्या लांबीत. साडेआठ इंची कागदावर दोन्ही बाजूंना एक-एक इंच समास सोडला तर साडेसहा इंचांची ओळ उरते, आणि १० सीपीआय कुरियरमध्ये तिच्यात ६५ अक्षरे बसतात. १२ सीपीआय घेतले तर ७८ बसतात. १६.६७ सीपीआयच्या लाइन प्रिंटर फॉन्टमध्ये तीच ओळ १०८ अक्षरांची होते आणि ८० अक्षरांच्या पडद्याच्या उजव्या कडेबाहेर जाते. मजकूर हरवलेला नसतो, तो फक्त पडद्यात मावत नसतो.

पानाचे खरे रूप पाहायचे तर शिफ्ट-एफ७ आणि ६ दाबून व्ह्यू डॉक्युमेंट उघडावे. १ दाबले की पूर्ण आकार, २ दाबले की दुप्पट आणि ३ दाबले की अख्खे पान दिसते. येथे दिसणारी अक्षरे प्रिंटरच्या अक्षरांची हुबेहूब प्रत नसतात, पण ओळी कोठे तुटतात, तळटीप किती जागा घेते आणि पान कोठे संपते हे विश्वासाने कळते. कुरियरकडून टाइम्ससारख्या फॉन्टकडे गेल्यावर पानांची संख्या कमी होते, त्यामुळे हाताने घातलेले पानतोड चुकीच्या जागी येतात आणि अर्धी पाने रिकामी राहतात. ते आल्ट-एफ३ च्या पडद्यावर शोधून काढावेत.

दुसरी पडझड स्तंभांची होते. कुरियरमध्ये प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे असल्याने आकडे स्पेसबारने सरळ रेषेत आणता येतात. टाइम्समध्ये अक्षरांच्या रुंदी वेगवेगळ्या असतात आणि स्पेसबारने जुळवलेले स्तंभ कागदावर वाकडेतिकडे होतात. पडद्यावर ते सरळच दिसतात, हा यातला खरा धोका. अशा प्रत्येक ठिकाणी स्पेस काढून टॅब घालावा, आणि आकड्यांच्या स्तंभांसाठी दशांश टॅब वापरावा. यादी फारच लांब असेल आणि हे काम करवत नसेल, तर तेवढ्या भागाच्या आधी कंट्रोल-एफ८, ४ ने कुरियरचा कोड घालावा आणि भाग संपल्यावर पुन्हा मूळ फॉन्टचा कोड घालावा. मजकुराच्या आतला कोड वापरण्याचे हे योग्य कारण आहे.

पहिली छपाई करताना मोठा दस्तऐवज घेऊ नये. चार ओळींचा एक परिच्छेद, एक तळटीप, एक हेडर, एक लार्ज शीर्षक आणि ठळक व तिरपा असे दोन शब्द असलेले एकच पान तयार करून ते छापावे. ठळक किंवा तिरपा शब्द भलत्याच कुळातल्या अक्षरात उमटला, तर निवडलेल्या फॉन्टचा तो प्रकार प्रिंटरकडे नाही असे समजावे आणि तो सॉफ्ट फॉन्ट किंवा कार्ट्रिज म्हणून एडिटमधल्या चौथ्या पर्यायात नोंदवावा. फॉन्टच्या यादीत आपण तारांकनाने खूण केलेले फॉन्ट छपाई सुरू होण्यापूर्वीच प्रिंटरमध्ये असावे लागतात. खूण केलेला सॉफ्ट फॉन्ट अजून पाठवलेला नसेल, तर शिफ्ट-एफ७ आणि ७ दाबून प्रिंटर इनिशियलाइझ करावा, फॉन्ट पोहोचेपर्यंत थांबावे आणि मग तेच चाचणीचे पान पुन्हा छापावे.